कोल्हापूरला सहकुटुंब येताय? कपड्यांची तयारी पायापासून करा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात पाहुण्यांचा राबता सुरू होतो. पुण्याहून नणंद, मुंबईहून चुलत दीर-जाऊ, ठाण्याची मावसबहीण आणि सगळ्यांची पोरंबाळं. गेली वीस-बावीस वर्षं मी त्यांना गाव दाखवत आले आहे. गाडीतून बॅगा उतरतानाच मला अंदाज येतो, की यांचे तीन दिवस कसे जाणार. चार मोठ्या बॅगा आल्या तर त्यातल्या दोन न उघडता परत जातात, आणि जे खरंच लागणार असतं ते नेमकं घरी राहिलेलं असतं.

कोल्हापूर हे पायी फिरायचं, मांडी घालून बसायचं आणि दिवसातून दहा वेळा चप्पल काढायचं गाव आहे. तेवढं ध्यानात ठेवून कपडे निवडले, तर आजीपासून नातवापर्यंत सगळे दिवसभर प्रसन्न दिसतात. कारण कुणाला काही टोचत नसतं, आवळत नसतं, सावरावं लागत नसतं. फोटोत छान दिसणाऱ्या माणसांचं मला कळलेलं गमक एवढंच आहे. पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी ही तयारी क्रमाने सांगते.

पहिली पायरी: आधी दिवस मांडा, मग कपडे

कपाट उघडण्याआधी कागद घ्या. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाचे तीन दिवस साधारण असे जातात. पहिल्या दिवशी पोचणं, आराम, संध्याकाळी बाजार आणि रंकाळा. दुसऱ्या दिवशी पहाटे अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, न्यू पॅलेस, संध्याकाळी भवानी मंडप आणि खासबागेत भेळ. तिसऱ्या दिवशी जोतिबा आणि पन्हाळा. चौथा दिवस असेल तर नृसिंहवाडी आणि खिद्रापूर.

आता प्रत्येक ठिकाणापुढे तीन गोष्टी लिहा: किती चालायचं, कुठे बसायचं, चप्पल काढायची की नाही. मंदिरात चप्पल काढायची आणि रांगेत उभं राहायचं. पन्हाळ्यावर चढउतार, दगड आणि वारा. रंकाळ्यावर कठड्यावर बसायचं. खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंदिरात काळ्याभोर दगडी खांबांमधून मान वर करून स्वर्गमंडपाचं गोल उघडं छत बघायचं, तिथे डोक्यावरून सतत घसरणारी ओढणी नको. एवढं लिहून झालं की निम्मे कपडे आपोआप बाद होतात.

हंगामाचंही इथेच ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पहाटे गारठा आणि दुपारी ऊन, त्यामुळे अंगावर काढता-घालता येणारा एक थर हवा. एप्रिल-मे मध्ये दुपार भाजते आणि संध्याकाळी वळीव कधीही गाठतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथला पाऊस छत्रीला जुमानत नाही. त्या दिवसांत लवकर वाळणारे कपडे, घोट्याच्या वर राहणारे लेंगे आणि रबरी सँडल. पावसाळ्यात चामड्याची चप्पल फक्त विकत घेऊन पिशवीत ठेवायची, घालायची नाही.

दुसरी पायरी: सगळ्या घराचे मिळून रंग ठरवा

एकसारखे टीशर्ट घालून फिरण्याची पद्धत हल्ली दिसते. मला ती आवडत नाही. आजीला त्या रंगात अवघडल्यासारखं होतं आणि सोळा वर्षांच्या मुलाला लाज वाटते. त्यापेक्षा घरासाठी दोन रंग ठरवा आणि प्रत्येकाने ते आपापल्या पद्धतीने घ्यावेत. नीळ आणि हळदी, किंवा गर्द हिरवा आणि विटकरी. आजीच्या लुगड्याचे काठ हळदी, बाबांचा झब्बा निळा, मुलीच्या परकराला दोन्ही, मुलाच्या शर्टाला बारीक चौकड्या. कुणीही ठरवून केल्यासारखं दिसत नाही, पण एका फोटोत आले की एका घरचे वाटतात.

इथली पार्श्वभूमीही विचारात घ्या. अंबाबाईचं मंदिर काळ्या दगडाचं. 1884 साली पूर्ण झालेला न्यू पॅलेसही काळ्या घडीव दगडाचा, चार्ल्स मँट या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून बांधलेला. पन्हाळ्याचे दरवाजे आणि तटबंदीही काळीच. काळे आणि राखाडी कपडे या दगडात विरून जातात. हळदी, डाळिंबी, पोपटी, मोरपिशी उठून दिसतात. आणि पुढे जी चप्पल घ्यायची आहे, तिच्या तांबूस-तपकिरी रंगाला हे सगळे रंग जुळतात.

तिसरी पायरी: बॅग

माणशी तीन वरचे कपडे, दोन खालचे आणि एक ठेवणीतला जोड. लहान मुलांसाठी दोन जोड जास्त. सुती किंवा लिनन, पण लिनन दुसऱ्या दिवशी चुरगळतं, त्यामुळे मी सुतीच म्हणेन. जीन्स एखादीच. पुण्याहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर गाडीत बसायचं असेल तर त्या दिवशी नाडीचा किंवा इलॅस्टिकचा लेंगा घाला, कंबर सुटते. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येत असाल तर ती रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी उतरवते. त्यासाठी झोपता येईल आणि स्टेशनवर उतरतानाही नीट दिसेल असा गर्द रंगाचा कुर्ता आणि एक मोठी सुती ओढणी. रात्री पांघरूण, सकाळी ओढणी.

साडी नेणार असाल तर एक युक्ती. साडी, तिचा परकर आणि झंपर एकत्र गुंडाळी करून उशीच्या अभ्र्यात भरा, त्यातच सहा सेफ्टी पिना अडकवून ठेवा. पहाटे पाचला हॉटेलच्या अंधुक उजेडात झंपर शोधत बसावं लागत नाही. आजी-आजोबांच्या औषधांसोबत त्यांची एक पातळ शाल हाताशी असू द्या. बाकी ज्याचं त्याला कळतं.

आणि एक रिकामी कापडी पिशवी नक्की. परत जाताना ती भरते.

चौथी पायरी: पहिल्याच संध्याकाळी चप्पल घ्या

बहुतेक लोक चप्पल शेवटच्या दिवशी, गाडी सुटायच्या अर्धा तास आधी घेतात. घाईत माप चुकतं, घरी गेल्यावर अंगठा सोलतो, आणि चप्पल कपाटावर जाऊन बसते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच संध्याकाळी चप्पल लाईनला घेऊन जाते. अंबाबाईच्या देवळापासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. संध्याकाळ यासाठी, की दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप तेव्हाच मिळतं. शिवाय तेल मुरायला पुढच्या दोन रात्री हातात राहतात.

दुकानात काय मागायचं ते कळावं म्हणून चपलेचे अवयव सांगते. पाय टेकतो तो तळ. दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या पाकळ्या म्हणजे कान. त्यांना जोडणारा आडवा पट्टा. अंगठा अडकवायचा तो अंगठाच. पट्ट्यावर चामड्याच्या बारीक पात्यांची विणलेली वेणी, आणि हौसेला वर गोंडा. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी अशी घाटांची नावं आहेत. कापशी रुंद कानाची आणि भारदस्त, झब्बा-लेंग्यावर किंवा धोतरावर शोभते. पहिल्यांदा घेणाऱ्या बाईने बारीक वेणीची, पातळ तळाची हलकी जोडी घ्यावी. ती साडीवर चालते, कुर्त्यावर चालते आणि जीन्सवरही.

खरी चप्पल ओळखायची कशी? आधी वास घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला एक तुरट, मातकट वास असतो. रेक्झिनला रंगाचा नाहीतर डिंकाचा वास येतो. मग जोडी उलटी करा आणि तळाची कड बघा. चामड्याचे थर दिसले पाहिजेत, आणि ते चामड्याच्याच वादीने शिवलेले असले पाहिजेत. पारंपरिक जोडीत खिळा नसतो. उजव्या-डाव्या पायात रंगाचा थोडा फरक असेल तर तो दोष समजू नका, हाताने काम केल्याची ती खूण आहे. तळाला म्हशीचं चामडं आणि वरच्या नाजूक कामाला शेळीचं, असा सर्वसाधारण प्रकार. घरातले पुरुष कापणं-शिवणं करतात आणि वेण्या बऱ्याचदा बायका विणतात. एकेका जोडीवर किती हात फिरलेले असतात हे कळलं, की भाव करताना आपलीच जीभ जरा आखडते. किमतीची चौकशी दोन-तीन दुकानांत जरूर करा, पण हाताच्या कामाला यंत्राच्या मालाचा भाव मागू नका.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. पुढे 2025 च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये अशाच घाटाच्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं गेलं नाही, तेव्हा इथे फार वाईट वाटलं होतं. नंतर कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. म्हणून दुकानात विचारा, की ही जोडी कुठे झाली, कुणी केली. कारागिराशी थेट संबंध असलेला दुकानदार आनंदाने सांगतो.

मापाबद्दल एकच नियम: घट्ट घ्या. चामडं पायाप्रमाणे सैलावतं. माझे नेहमीचे दुकानदार मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, "ताई, आज आवळंल, आठ दिसांत तुमचीच हुईल." पण घट्ट म्हणजे बोटं दुमडणारी नव्हे. टाच तळाच्या बाहेर जाता कामा नये आणि अंगठा आत सहज गेला पाहिजे. दोन्ही पायांत घालून दुकानात दहा पावलं चाला.

मुलांसाठी मागून वादी असलेली जोडी घ्या, नाहीतर रस्त्यात एक पाऊल राहतं आणि चप्पल मागे. सत्तरीच्या पुढच्यांना चामड्याचा गुळगुळीत तळ फरशीवर घसरतो, म्हणून खाली पातळ रबर लावून मागा. दुकानात ती सोय सांगितली की करून देतात. माझ्या सासूबाई रबर लावलेली जोडी कैक वर्षं वापरत आहेत.

आता त्या रात्रीचं काम. एरंडेल किंवा खोबरेल, चार थेंब. अंगठ्याच्या आतून, पट्ट्याच्या खालून आणि वेणीवरून बोटाने चोळा. वर्तमानपत्रावर ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या खोलीत तासभर घाला आणि पुन्हा तेल लावा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रंकाळ्यावर घालून निघा. अंगठ्याच्या बेचक्यात आधीच एक चिकटपट्टी लावलीत तर फोड येत नाही. पन्हाळ्याच्या चढावर मात्र नवी जोडी नेऊ नका. आमच्या एका भाच्याने हट्टाने नेली, आणि किल्ल्याच्या ‘तीन दरवाजा’ या प्रवेशद्वारापासून गाडीपर्यंत तो चपला हातात घेऊन अनवाणी आला.

पाचवी पायरी: अंबाबाईची पहाट

दर्शनाला शक्य तितक्या लवकर जा. गर्दी कमी असते, हवा गार असते आणि ऊन चढल्यावर दगडी फरशीचे बसणारे चटके टळतात. जुन्या चपला घालून जा आणि बाहेर चप्पल स्टँडवर ठेवा. नवी कोल्हापुरी देवळाबाहेर ठेवून जीव टांगणीला लावू नका.

देवस्थान समितीने शालीन, अंगभर कपडे घालून येण्याचं आवाहन केलेलं आहे. तोकड्या चड्ड्या, बिनबाह्यांचे टॉप, फाटक्या जीन्स नकोत. सुती कुर्ता-लेंगा आणि ओढणी पुरेशी आहे, पण हा दिवस साडीचा आहे असं मला मनापासून वाटतं. त्यातही इरकल. इलकलहून येणारं हे सुती लुगडं आमच्या भागात घरोघरी आहे. अंगाला बारीक चौकडी किंवा साधा रंग, काठ ठसठशीत आणि लाल टोपपदर. त्यावर गुळेदगुड्डच्या खणाचा झंपर. इस्त्री नसली तरी शोभतं, निऱ्या धरून राहतात, आणि रांगेत दोन तास उभं राहिलं तरी विस्कटत नाही. ज्यांना साडी सावरत नाही त्यांनी शिवलेली नऊवारी घ्यावी. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात आणि कडेवर मूल घेऊनही चालता येतं. नेसताना साडी घोट्याच्या दोन बोटं वर ठेवा, मंदिराच्या आवारात फरशी ओली असते.

लहान मुलींना खणाचं परकर-पोलकं. ते आधी शिवून आणलंत तर उत्तम, नाहीतर महाद्वार रोडवर तयार मिळतं. अस्तर सुती आहे ना, ते उलटून बघा. खणाची जर अंगाला टोचली की मूल रांगेत रडतं आणि आपण सगळे कासावीस होतो. मुलग्यांना सुती झब्बा आणि लेंगा. पुरुषांनाही तेच, किंवा पांढरा शर्ट आणि साधी पँट.

9, 10, 11 नोव्हेंबर किंवा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी या तारखांच्या आसपास येत असाल तर संध्याकाळी किरणोत्सवाला थांबा. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि हळूहळू देवीच्या चरणांपासून वर सरकतात. त्या गर्दीत जड पदर आणि मोठी पर्स दोन्ही नकोत. पैसे कमरेच्या छोट्या बटव्यात ठेवा, हात मोकळे ठेवून जोडा.

सहावी पायरी: एकच दागिना

देवळाला लागूनच गुजरी आहे, सोन्याचांदीच्या पेढ्यांची गल्ली. तिथे प्रत्येक काचेमागे कोल्हापुरी साज दिसेल. परंपरेने त्यात एकवीस पानं असतात: दहा अवतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणकाचं आणि पाचूचं एकेक, आणि शेवटचं डोरलं. माझ्या आईच्या साजातला मासा मला लहानपणी फार आवडायचा. तिच्या मांडीवर बसून मी एकेक पान मोजायचे, आणि ती प्रत्येकाचं नाव सांगायची. तुम्ही मुलांना घेऊन गुजरीत गेलात तर पेढीवरच्या माणसाला पानांची नावं विचारा. गिऱ्हाइकी कमी असेल तर ते हौसेने सांगतात, आणि मुलांना मासा, कासव, नरसिंह शोधायला मजा येते.

नव्याने येणाऱ्या मुली साज, ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ, नथ, तोडे असं सगळं एकाच वेळी घालतात. लग्नात ते शोभतं. सहलीत गळ्यात एक घ्या आणि बाकी सगळं उतरवा. बंद गळ्याचा झंपर असेल तर लांब साज. उघड्या गळ्याला ठुशी, ती गळ्याशी बसते आणि हलत नाही. सुती कुर्त्यावर एकटी बोरमाळही सुरेख दिसते. प्रवासात खरं सोनं गर्दीत मिरवू नका. सोन्याचं पाणी दिलेला साज इथे चांगला मिळतो. घेताना मागची बाजू बोटाने चाचपून बघा, कडा बोचरी लागली तर साडीचे धागे ओढले जातात.

चांदी मात्र खरीच घ्या. जवळच हातकणंगले तालुक्यातलं हुपरी हे गाव पिढ्यान्‌पिढ्या चांदीकाम करतं, आणि इथल्या पैंजणांना दूरदूरहून मागणी असते. बाळासाठी वाळे, मुलीला बारीक घुंगरांचे पैंजण, स्वतःला जोडवी. घेताना तीन गोष्टी विचारा: चांदी किती टक्के, मजुरी किती, आणि परत दिली तर घट किती धरणार. हॉलमार्क बघा, पक्की पावती घ्या. पैंजण घातल्यावर मुलीला थोडं पळायला सांगा. आकडा सुटला तर दुकानातच सुटू दे.

सातवी पायरी: जोतिबा आणि पन्हाळा

हा दिवस कपड्यांची परीक्षा घेणारा आहे. शहरापासून दोन्ही ठिकाणं साधारण वीस किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि एकमेकांजवळ. सकाळी जोतिबा, दुपारी पन्हाळा, असा क्रम ठेवा.

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर पोचलात की पायऱ्या, कळस, माणसं, सगळं गुलाबी दिसतं. "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणत गुलाल उधळला जातो, आणि तो तुमच्या अंगावर येणारच. तो प्रसाद आहे, चुकवू नये. एका वर्षी माझी नणंद सगळ्या कुटुंबाला पांढऱ्या लिननमध्ये घेऊन गेली. फोटो छान आले, पण नंतर कपडे ओल्या रुमालाने पुसले आणि गुलाल धाग्यात कायमचा बसला. त्यामुळे या दिवशी जुने, डाळिंबी, जांभळे, गर्द कपडे घाला. गुलाल पडला तर पाणी लावू नका. कोरडाच झटका, मऊ ब्रशने काढा, आणि घरी गेल्यावर वेगळा, गार पाण्यात धुवा. केसांना आधी थोडं तेल लावलं असेल तर गुलाल केसांतून लवकर निघतो. रविवारी आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या आसपास अफाट गर्दी असते. लहान मुलं बरोबर असतील तर मधला वार बघा.

पन्हाळ्यावर पोचण्याआधी गाडीतच वरचा कपडा बदला. ओढणी किंवा उपरणं गाडीच्या खिडकीला लावलं की झालं. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे मराठा किल्ले आले त्यात पन्हाळा आहे. तीन दरवाजा, अंधारबाव, धान्याची कोठारं असलेला अंबरखाना, सज्जाकोठी, पुसाटी बुरूज. गाडी बऱ्याच ठिकाणी जवळ जाते, पण प्रत्येक ठिकाणी थोडं चालावं लागतं आणि दगड गुळगुळीत झालेले आहेत. पकड असलेले बूट किंवा सँडल घाला. सज्जाकोठीत वारा असा येतो, की सैल घेरदार फ्रॉक आणि मोकळे केस दोन्ही सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो. वेणी घाला, त्यात एक गजरा माळा आणि निश्चिंत व्हा. थंडीत मुलांना स्वेटर, आणि आजोबांना धनगरी घोंगडं. घोंगडं खांद्यावर टाकलेला म्हातारा माणूस त्या तटबंदीवर जितका रुबाबदार दिसतो तितका कोटातही दिसत नाही.

आठवी पायरी: जेवण आणि डाग

मिसळीचा कट आणि तांबडा रस्सा, दोन्हींवर लाल तेलाचा तवंग असतो आणि तो शिंतोडतो. पांढरा शर्ट घालून मिसळीला बसू नका. प्रत्येकासाठी एक सुती पंचा बरोबर ठेवा, मांडीवर आणि मुलांच्या गळ्याशी. मुलांना आधी पांढरा रस्सा द्या, तो सौम्य असतो. मांडी घालून बसायची वेळ आली तर घट्ट पँटपेक्षा लेंगा सुखाचा.

डाग पडलाच तर घासू नका. टिपून घ्या, वर टाल्कम पावडर दाबून अर्धा तास ठेवा, तेल शोषलं जातं. मग भांड्याच्या साबणाचा थेंब. हळद असेल तर साबण लागल्यावर डाग लालभडक होतो. घाबरू नका, तो हळदीचा गुण आहे. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, दोन-तीन उन्हांत डाग फिका पडतो.

नववी पायरी: शेवटची संध्याकाळ

आता ठेवणीतला जोड काढा, नवी चप्पल घाला आणि रंकाळ्यावर या. सूर्य मावळतीला गेला की पाण्यावर सोनेरी उजेड येतो, पलीकडे शालिनी पॅलेस दिसतो. कुटुंबाचा फोटो इथेच काढा, दुपारच्या उन्हात नको. सगळ्यांना ओळीने उभं करण्यापेक्षा कठड्यावर बसवा, हातात भेळेचा कागद असू द्या. आजीला मध्ये, नातवंडं तिच्या दोन्ही बाजूंना.

हौस असेल तर पुरुषांनी आणि मुलींनीही कोल्हापुरी फेटा बांधून घ्यावा. तयार, शिवलेल्या फेट्यापेक्षा कापडाचा बांधून घेतलेला डोक्यावर नीट बसतो. बांधताना मान ताठ ठेवा, समोरचा तुरा भुवईच्या मध्यावर आणि शेमला, म्हणजे मागे सोडलेलं टोक, पाठीवर मोकळा. लहान मुलांना दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका, डोकं दुखतं.

आमच्याकडच्या बायका "मी आलो, मी जेवलो" असं बोलतात. बाजारात, रिक्षात ते ऐकलंत तर मुलांना सांगा की ही इथली बोली आहे. माझी आजीही तसंच बोलायची. इरकल नेसून, ठुशी घालून ती "चल, मी निघालो" म्हणाली, की साऱ्या गल्लीला कळायचं की बाजाराला कोण निघालंय.

परतीच्या बॅगेत चपला तळाला तळ लावून वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी येते. साज मऊ कापडात आडवा पसरून ठेवा, घडी घातली की पानं एकमेकांवर घासतात. गुलालाचे कपडे वेगळ्या पिशवीत. घरी पोचल्यावर चपला आधी बाहेर काढून हवेशीर जागी ठेवा. आठवड्यातून दोनदा घाला, महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवा. कधी भिजल्याच तर आत कागद कोंबून सावलीत वाळवा, उन्हात नको. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांचा रंग गर्द होतो आणि तळावर तुमच्या पायाचा ठसा उमटतो.